त्र्याहत्तरच्या पोळ्यातली जोडी

लिहून ठेवणार मी, द्वारकाबाई काकासाहेब गायके, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी खानावळ, हल्ली सुनेच्या कामात नाक खुपसणे, राहणार मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनच्या अलीकडची गल्ली, छत्रपती संभाजीनगर. वय शाळेच्या दाखल्याप्रमाणं धरलं आहे. दाखल्यावर एक जून आहे, कारण गुरुजींनी आमच्या अख्ख्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. माय म्हणायची, मी नवरात्रातली. कोर्टानं गुरुजींचं ऐकावं, देवानं मायचं.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीनं, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर तरुण आहेत. ते म्हणाले, "आजी, शंभरातून सात वजा करत चला." मी विचारलं, "कशाचे शंभर? आणि सात कोण घेऊन गेलं?" त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या छातीत स्टेंट बसवला आहे आणि जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं, म्हणून हे काम आता उरकून घेते.

कागद कसा लिहायचा हे ॲड. आकाश मोतीराम हिवराळे यांनी समजावून सांगितलं. हे शेजारच्या मोतीराम भाऊंचे आणि गीताबाईंचे चिरंजीव. माझ्या खानावळीतल्या पोळ्या खाऊन वकील झाले, त्यामुळे फीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, "मावशी, भाषा तेवढी प्रमाण ठेवा." ठेवते. पण लिहिता लिहिता कुठं 'लई' किंवा 'नाय' आलं, तर ते खोडायचं नाही. लहानपणी त्यापायी लई पट्ट्या खाल्ल्या आहेत. आमचे गुरुजी पुण्याकडचे. 'नाय' म्हटलं की तळहातावर पट्टी, 'व्हय' म्हटलं की उलट्या हातावर. मग अख्खा वर्ग तोंड मिटून नुसती मुंडी हलवायला लागला. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले, आम्ही अर्धा तास माना हलवल्या. जाताना साहेब गुरुजींना हळूच म्हणाले, मुक्या मुलांची शाळा इतक्या आत काढलीत, तुमचं कौतुक आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला, इंद्रजीतवर रागावून, सगळं घर मारुतीच्या देवळाला लिहून दिलं होतं. ते मी रद्द करते. मारुतीनं गैरसमज करून घेऊ नये.

कलम एक. घर.

मुकुंदवाडीतलं तळमजला अधिक एक मजला असं घर माझ्या आणि माझे यजमान कै. काकासाहेब यांच्या कष्टाचं आहे. ते चिकलठाण्याला कंपनीत होते. ते पाळ्या करायचे, मी पोळ्या करायचे. वरचा मजला माझा मुलगा इंद्रजीत यास द्यावा. त्यानं तो विकून लिफ्टच्या बिल्डिंगीत जाऊ नये असं मी लिहिणार होते, पण मेल्यावर माणसाचं कोण ऐकतं. म्हणून एवढंच लिहिते की, जिथं जाशील तिथं दाराला उंबरा आहे का बघ. उंबरा नसलेल्या घरात आल्यागेल्याचं काही कळत नाही.

तळमजल्याचा पुढचा हॉल, जिथं आधी खानावळ होती आणि आता डबे भरले जातात, तो माझी सून सौ. श्रेया हिच्या एकटीच्या नावावर करावा. इंद्रजीतच्या नाही. श्रेया लग्न होऊन आली तेव्हा तिला कणीक मळता येत नव्हती आणि मला ती आवडली नव्हती. आता तिच्या हाताखाली चार बाया आहेत आणि मला ती माझ्या मुलापेक्षा बरी वाटते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण सुना चढून बसतात. कागदावर लिहायला हरकत नाही.

तळमजल्याच्या मागच्या खोलीबद्दल कलम सहा पाहावं. ती खोली हेच या कागदाचं खरं कारण आहे. बाकीची कलमं आहेत म्हणून आहेत.

कलम दोन. खानावळीची हत्यारं.

मोठा लोखंडी तवा, दोन पराती, पाटा आणि वरवंटा श्रेयाला. पाटा आणि वरवंटा यांची ताटातूट करू नये. येसराचा मसाला कसा भाजायचा हे तिला तोंडी सांगून झालं आहे. ती मिक्सरमध्ये फिरवते हे मला माहीत आहे. वास वरच्या मजल्यापर्यंत येतो.

कलम तीन. माझ्या थोरल्या जाऊबाई.

जाऊबाईंनी त्यांच्या सत्यमच्या बारशाला माझं पितळी पातेलं नेलं होतं. सत्यमला आता स्वतःची दोन मुलं आहेत. पातेलं परत आलेलं नाही. मात्र नेताना त्या झाकण विसरल्या, ते मी आजपर्यंत दर दिवाळीला चिंच लावून घासून ठेवलं आहे. हे झाकण माझ्या दहाव्याला सगळ्यांसमक्ष जाऊबाईंच्या हातात द्यावं आणि कोणी काही बोलू नये.

कलम चार. दागिने वगैरे.

बोरमाळ नात संस्कृती हिला. लग्नाची वाट बघू नये, अठरा पूर्ण झाली की घालायला द्यावी. पाटल्या श्रेयाला. पोस्टात जे काही आहे ते आधी दवाखान्याला आणि उरलं तर दोन्ही नातवंडांना सारखं. नातू शिवम यास माझा मोबाइल द्यावा. त्यानंच तो मला शिकवला आणि शिकवताना शंभरदा "आजी, तसं नसतं ना" म्हणाला. आता त्यानं तो बिघडू नये.

कलम पाच. पार्श्वभूमी.

आकाश म्हणाला, "मावशी, पार्श्वभूमी दोन ओळींत लिहायची असते." मी म्हटलं, दुष्काळ दोन ओळींत उरकला असता तर मीही उरकलं असतं.

माझं माहेर फर्दापूरपासून आत, डोंगराच्या कुशीला. घरात माय म्हणजे लक्ष्मीबाई, वडील म्हणजे अण्णा, मी, आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा भाऊ आप्पासाहेब. हा आप्पासाहेब म्हणजेच कलम सहा.

बाहत्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी दहाची, तो आठाचा. विहिरीच्या तळाला कासव उघडं पडलं होतं. माय आणि अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आम्ही दोघं सुकडीच्या रांगेत. सुकडी म्हणजे सरकारचा गोड भुगा, तो ओंजळीत मिळायचा. आप्पा एकदा रांगेत उभा राहायचा, सुकडी खायचा, मग सदरा उलटा घालून पुन्हा उभा राहायचा. वाटणाऱ्या बाईला ते कळायचं. ती म्हणायची, "ह्याचा उलटा भाऊ आला गं," आणि पुन्हा ओंजळ भरायची. त्या बाईला देवानं सुखात ठेवलं असेल अशी माझी खात्री आहे.

रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापायला घेतली की हातातच फुटायची. माय एकदाही चिडली नाही. म्हणायची, "परदेशी पाव्हणी हाय ती. तिला आपल्या तव्याची सवय नाय." मग ती तुकडे जोडून जोडून भाकरी भाजायची आणि आम्ही तुकडे मोजून खायचो. भुकेनं पोट दुखतं हे मला तेव्हा कळलं. पण माय असं काही बोलायची की दुखता दुखता हसू यायचं, आणि हसलं की जास्त दुखायचं.

आता मुद्द्याचं. आमच्या घराला पोळ्याचा मान होता. म्हणजे पोळ्याच्या दिवशी वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, गावचे सगळे बैल सजवून तिथं उभे करतात, आणि मानाची जोडी त्या तोरणाखालून सगळ्यात पुढं जाते. तोरण जोडीतल्या उजव्या बैलानं शिंगानं तोडायचं, मग पोळा फुटतो, मग बाकीच्यांनी जायचं. ही जोडी पणज्यापासून आमची. गावात नानासाहेब म्हणून होते, बडं खटलं. त्यांच्या तीन पिढ्या आमच्या मानावर डोळा ठेवून होत्या.

दुष्काळ बाहत्तरचा, पण पोळा मी सांगते तो त्र्याहत्तरचा. पाऊस पडला होता, डोंगर हिरवा झाला होता, तरोट्याची भाजी खाऊन आमचे दात हिरवे झाले होते. दावण मात्र रिकामी. चाऱ्यावाचून मरतील म्हणून अण्णांनी उन्हाळ्यात हरण्या आणि चांद्या विकले होते. त्या दिवशी बाजारातून आले ते नुसता कासरा हातात घेऊन, आणि तो कासरा त्यांनी कितीतरी दिवस खुंटीला लावलाच नाही, उशाला घेऊन झोपायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नानासाहेब आमच्या ओट्यावर आले. त्यांची जोडी वाचली होती. म्हणाले, "अण्णा, औंदा तुमच्याकडं बैल नाय. आमची जोडी म्होरं काढतो. गावाचा पोळा अडून ऱ्हायला नको."

अण्णा म्हणाले, "मान बैलाचा नसतो, नानासाहेब. मान जुवाचा असतो. बैल बदलत्यात, जू पणज्याचंच हाय."

"आन् जुवाखाली कोण? तुमी आन् वैनी?"

अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. आम्ही दोघं दाराआड उभे राहून ऐकत होतो.

तर अशा रीतीनं मी आणि आप्पासाहेब बैल झालो. संध्याकाळी मायनं रीतसर आमची खांदेमळणी केली. तूप नव्हतं, म्हणून करडईच्या तेलात हळद कालवून खांद्याला चोळली आणि बैलांना सांगतात तसं सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आप्पा रडायला लागला. म्हणाला, "उद्या कामून? आज कामून नाय?" अण्णा हसले. बैल विकल्यापासून ते पहिल्यांदा हसले, म्हणून मला ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आंघोळ घालून अंगावर झूल टाकली, कपाळाला बाशिंग बांधलं, गळ्यात घुंगरमाळ. जू आमच्या मानेवर ठेवलं. ते जड होतं. मी उंच, आप्पा बुटका, त्यामुळं सगळा भार त्याच्याकडं उतरायचा आणि तो तिरका तिरका चालायचा. वाटेत कोणीतरी नारळ फोडला तर बैल खोबरं उचलायला खाली वाकला आणि मीही ओढली गेले. अण्णा सवयीनं "हा, हा, थिर्र" करत होते. गाव हसत होतं, पण बाया पदर डोळ्याला लावत होत्या. दोन्ही एकदम चाललं होतं.

वेशीत गेलो तर तोरण उंच. ते बैलांच्या शिंगांच्या मापानं बांधलेलं, पोरांच्या नाही. आम्ही खालून सरळ पलीकडं निघून गेलो, पानसुद्धा हललं नाही. नानासाहेब म्हणाले, "तोरण तुटलं नाय. मान गेला." अण्णांचा चेहरा पडला. तो बघून मी जागेवर उलटी फिरले आणि तोरणाखाली उडी मारली. जुवाला बांधलेला आप्पाही वर आला, त्याला विचारलं नव्हतं. पहिल्या उडीला काही नाही. दुसऱ्या उडीला बाशिंग तोरणात अडकलं आणि अख्खं तोरण पानांसकट आमच्या अंगावर आलं. पोळा फुटला.

बाशिंग कोणाचं अडकलं, यावरून आम्हा बहीणभावांत आजतागायत भांडण आहे. रीत सांगते की उजव्या बैलानं तोडायचं. उजवीकडं मी होते. आप्पासाहेबाचं म्हणणं, तो होता. गावाला विचारावं तर अर्धे मेले आणि अर्ध्यांना उजवं-डावं आठवत नाही. हा वाद आम्ही दर भाऊबीजेला काढतो. काकासाहेब हयात होते तेव्हा ताट सोडून उठून जायचे.

त्या दिवशी गावानं आम्हाला बैलांसारखं दारोदार ओवाळलं. दरेक घरी पाय धुतले, कुंकू लावलं, घास भरवला. नानासाहेबांच्या मंडळींनीसुद्धा भरवला, त्यांच्याकडं खरी पुरणपोळी होती. आमच्या मायनं सुकडीचंच पुरण केलं होतं. आम्ही सगळ्या घरी जेवलो. आप्पाला दोन दिवस परसाकडंच बसवावं लागलं, पण पोटभर म्हणजे काय ते आम्हाला त्या दिवशी परत कळलं.

तिन्हीसांजेला अण्णांनी आमच्या मानेवरचं जू उतरवलं, रिकाम्या दावणीपाशी आम्हाला शेजारी शेजारी बसवलं आणि पाठीवर हात फिरवत म्हणाले, "बैल इकले ते इकले. ही जोडी इकायची नाय. म्हातारी झाली तरी दावणीलाच ऱ्हाईल." जुना बैल कोणी हाकलत नाही आणि तो फुकट खातो असंही कोणी म्हणत नाही, ही आमच्याकडची रीत. त्यानं आयुष्यभर ओढलेलं असतं. पार्श्वभूमी संपली.

कलम सहा. मागची खोली.

आप्पासाहेबाची बायको जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा मुलगा कृष्णा पुण्याला चौदाव्या मजल्यावर राहतो. तो बापाला बोलावतो, खोटं कशाला लिहू. पण आप्पासाहेब तिथं दोन दिवस राहून आला आणि म्हणाला, "अक्का, तिथं पाय भुईला लागत नाय. खिडकीतून बघितलं तर घारीची पाठ दिसती." तेव्हापासून तो गावात एकटा. मागची भिंत बसली, तर खाट उचलून चुलीपाशी आणून टाकली. वरण करतो आणि तेच दोन दिवस गरम करतो.

घरी बैल उरले नाहीत तेव्हापासून पोळ्याला पणज्याचं जूच दोघांनी धरून वेशीतून न्यायचं, असं आप्पासाहेबानं चालू ठेवलं होतं. गेल्या पोळ्याला वेशीत जायला त्याला जुवाचं दुसरं टोक धरणारा माणूस मिळाला नाही. पोरं सगळी ट्रॅक्टर सजवण्यात. नानासाहेबांच्या नातवाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत तोरणाखालून पहिला गेला. आप्पासाहेब जू घेऊन घरी आला आणि जेवला नाही. हे त्यानं मला सांगितलं नाही, गावच्या पोरानं फोन करून सांगितलं. त्यानंतरच्या पावसात तो अंगणात घसरून पडला आणि डेअरीवाला येईपर्यंत, म्हणजे उन्हं डोक्यावर येईपर्यंत, चिखलात पडून होता. हेही त्यानं सांगितलं नाही. भाऊबीजेला आला तेव्हा लंगडत होता. विचारलं तर म्हणाला, "चप्पल नवी हाय." चप्पल जुनी होती, मीच मागच्या साली घेऊन दिलेली.

मी त्याला कितीदा म्हटलं, इथं ये. तो येत नाही. बहिणीच्या घरी भावानं ओवाळून घ्यायला यावं, ताटात ओवाळणी टाकावी आणि उजेड आहे तोवर निघावं, मुक्काम करू नये, बहिणीचं खाऊ नये, असं त्याच्या डोक्यात बसलेलं आहे. राहा म्हटलं की म्हणतो, "जनावरं हायती घरी." त्याच्याकडं जनावर म्हणजे एक मांजर आहे, आणि तेही शेजाऱ्याकडं जेवतं.

आता सरळच लिहिते. रात्री फोन वाजला की माझ्या स्टेंटला कळतं. वाटतं, आप्पाचाच निरोप. जोडीतला एक बैल गेला की दुसरा वैरणीला तोंड लावत नाही, हे मी लहानपणी पाहिलं आहे. मला तसं व्हायचं नाही. मला तो हवा आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याशी भांडायला.

म्हणून तळमजल्याची मागची खोली, तिला गल्लीतून स्वतंत्र दार आहे, समोर हात-दोन हात ओटा आहे आणि पाय भुईला लागतात, ती माझा भाऊ आप्पासाहेब यास द्यावी. सदर खोली भाऊ म्हणून दिलेली नाही, दया म्हणून नाही, पाहुणा म्हणून तर नाहीच नाही. त्र्याहत्तरच्या पोळ्यातला <s>डाव्या बाजूचा</s> बैल या नात्यानं, अण्णांनी दिलेल्या शब्दाप्रमाणं, दावणीवरचा हक्क म्हणून दिलेली आहे. हक्काला नको म्हणता येत नाही.

आकाश म्हणाला, "मावशी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं." मी म्हटलं, मग हे कलम आधी लागू कर, मी गेल्यावर त्या खोलीत तो कोणाशी भांडेल? तेव्हा त्यानं वेगळा कागद करून दिला आहे, की आप्पासाहेबानं आजपासून तिथं राहावं, आणि माझ्यामागं त्याला कोणी ऊठ म्हणू नये. इंद्रजीतला ती खोली गाडी लावायला पाहिजे होती. त्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा आले तर गाडी बाहेर लावतो, मम्मी." पोरगा वाईट नाही. तरीही खबरदारी म्हणून लिहिते की, आप्पासाहेबाला खोलीतून काढण्याचा कोणी प्रयत्न केल्यास अख्खं घर कलम तीनमधल्या जाऊबाईंना जाईल. एवढं पुरे आहे.

कलम सात. मान.

पोळ्याच्या मानातला माझा अर्धा हिस्सा नात संस्कृती हिला. आकाश म्हणतो, असा मान कायद्यात बसत नाही. तो वेशीत बसतो. पुढच्या पोळ्याला संस्कृतीनं गावी जाऊन मामाआजोबांच्या जुवाचं दुसरं टोक धरावं. ती म्हणाली, "आजी, मी जीन्सवर येईन." यावं. आम्ही तर झूल पांघरून गेलो होतो.

कलम आठ. आजची हकिगत.

आज सकाळी कागद पूर्ण करून साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या ठरल्या. साक्षीदार म्हणून मोतीराम भाऊ आणि गीताबाई ठरले होते. आकाशनं काल माणुसकीनं आप्पासाहेबाला फोन करून खोलीचं सांगितलं आणि बोलता बोलता हेही सांगितलं की, ज्याला कागदातून काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये, त्याच्या हिश्श्याचा घोटाळा होतो. वकिलानं फोनवर कमी बोलावं.

आप्पासाहेब फर्दापूरहून पहिली गाडी धरून आला. क्रांती चौकात उतरून रिक्षानं. हातात पिशवी, पिशवीत वांगी. चहासुद्धा न घेता म्हणाला, "साक्षीदार म्या होनार. कुठं सही करायची?"

मी ओळखलं. सही केली की खोली नको म्हणायची गरजच नाही, कागदच परस्पर नाही म्हणेल. बहिणीचं मनही मोडत नाही आणि मुक्कामही टळतो. बुटका आहे पण डोकं आहे. मी आकाशला म्हटलं, "लिही त्याचं नाव. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी लिही." गीताबाई माझ्याकडं बघत राहिल्या. आकाशनं नाव लिहिलं.

मग मी म्हटलं, "आप्पा, सही करायच्या आधी वाचायचं असतं. अण्णा अंगठा उठवायच्या आधीसुद्धा वाचून घ्यायचे."

त्यानं चष्मा लावला. कलम पाच वाचताना एकदा हसला. कलम सहा वाचायला त्याला वेळ लागला. अक्षर माझं चांगलं आहे, त्यामुळं अक्षराचा दोष नाही. मग त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाला, "हे खोटं हाय."

"काय खोटं हाय?"

"डाव्या बाजूचा म्हून लिवलंय. म्या उजवीकडं व्हतो."

"डावीकडं व्हतास."

"उजवीकडं. तू उडी मारली तवा माझा उजवा कान जुवाच्या खिळीला घासला. ही बघ खूण."

"ती खूण चिंचेवरून पडल्याची हाय. म्या तिथं व्हते."

"अक्का, खोटं लिवलेल्या कागदातून म्या काय घेनार नाय."

"आन् म्या मरताना खोटं लिहिनार नाय."

मोतीराम भाऊंनी खुर्ची मागं सरकवली. इंद्रजीत जिन्यावर येऊन उभा राहिला. श्रेयानं डब्याच्या बायांना थांबायला सांगितलं. त्या सगळ्या दारात. अर्धा तास झाला असेल. आप्पासाहेब उठून उभा राहिला, मला मध्ये घालून जू कसं होतं ते दाखवायला लागला, मी त्याला धरून उलटं दाखवायला लागले, आणि दाखवता दाखवता माझ्या लक्षात आलं की हा जाण्याचं काहीच बोलत नाही. घेणारच नसता तर डावं-उजवं कशाला करत बसला असता? पण मी तोंडानं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर लगेच वांगी टाकून निघाला असता.

शेवटी आकाशनं दोन्ही हात वर केले. म्हणाला, "मावशी, मामा, बसा. वाद मिटत नसला की कोर्टात तो प्रलंबित ठेवतात. तसं लिहू." आणि त्यानं सांगितलं तसं मी लिहिते:

कलम सहामधील 'डाव्या बाजूचा' हे शब्द खोडले आहेत. उजवा कोण आणि डावा कोण हा वाद उभय पक्षांत प्रलंबित असून, त्याची सुनावणी उभयतांनी सदर खोलीच्या ओट्यावर बसून रोज सकाळी चहाच्या वेळी करावी. एक पक्ष गैरहजर राहिल्यास निकाल दुसऱ्याच्या बाजूनं लागेल.

आप्पासाहेबानं ते दोनदा वाचलं. "रोज सकाळी?" त्यानं विचारलं.

आकाश म्हणाला, "रोज. एक दिवस चुकला की हरलात, मामा."



येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहून, पुन्हा वाचून, बरोबर असल्याचं बघून, साक्षीदारांसमक्ष सही करून दिलं आहे. यात कोणाला काही कमी पडलं असं वाटल्यास त्यानं मी जिवंत असताना येऊन भांडावं. मागाहून ऐकायला मी नसेन.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
तारीख: १२ नोव्हेंबर २०२५

सही: द्वारकाबाई काकासाहेब गायके

साक्षीदार पहिले: मोतीराम हिवराळे, शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरे: <s>आप्पासाहेब</s> गीताबाई मोतीराम हिवराळे, शेजारी. (सही)

खाडाखोडीबाबत खुलासा, माझ्या सहीनिशी: दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी आधी माझा भाऊ आप्पासाहेब याचं नाव लिहिलं होतं, ते त्यानं स्वतःच्या हातानं खोडलं आहे. आकाशनं पेन पुढं केलं तेव्हा त्यानं ते घेतलं, नावावर आडवी रेघ मारली, टोपण लावलं आणि पेन गीताबाईंच्या हातात दिलं. मग त्यांनाच विचारलं, "ताई, इकडं नळाला पाणी कोनत्या वारी येतं?"

(सही) द्वारकाबाई